जंतुसंसर्ग बरा झाला, पण हृदयाचं काय?

“डॉक्टर, आजार छातीतल्या कफाचा होता. तो बरा झाला. मग आता परत ईसीजी कशाला?”

न्यूमोनिया, लघवीतला मोठा जंतुसंसर्ग किंवा पायाची चिघळलेली जखम यासाठी दाखल असलेला रुग्ण घरी निघाला, की नातेवाईक हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. पाथर्डी किंवा जामखेडकडच्या गावातून नगरला तपासणीसाठी यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, आणि सोबतीला आणखी एक माणूस लागतो. एवढं करून यायचं ते कशासाठी, हे सांगणं डॉक्टरचं काम आहे. म्हणून आजचा लेख.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शेतकरी आले. वय साठीच्या पुढे, शुगर आणि बीपी जुनं. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. न्यूमोनियासाठी ते दुसरीकडे दहा दिवस दाखल होते आणि उपचार चांगले झाले होते. घरी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात, रात्री जेवणानंतर त्यांना छातीत जड वाटू लागलं, दरदरून घाम आला. घरच्यांना वाटलं, दवाखान्यातून आलेलं माणूस आहे, अशक्तपणा असायचाच. लिंबू-सरबत दिलं, पाठ चोळली. सकाळी ते माझ्यासमोर आले तेव्हा ईसीजीत हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. आबा वाचले, पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा निकामी झाला. चौकशी केल्यावर कळलं, की नव्या गोळ्यांची संख्या पाहून बीपी आणि हृदयाच्या जुन्या गोळ्या त्यांनी स्वतःच बंद केल्या होत्या.

घरच्यांनी हेळसांड केली असं मी म्हणणार नाही. न्यूमोनिया आणि हृदय यांचा काही संबंध असतो, हेच त्यांना माहीत नव्हतं.

हा संबंध कसा कळला?

एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही. त्यासाठी हजारो माणसांची नोंद वर्षानुवर्षं ठेवावी लागते. या शास्त्राला साथरोगशास्त्र म्हणतात. नाव साथीचं असलं, तरी कोणता आजार कुणाला, कधी आणि कशामुळे होतो याचा हिशेब ते मांडतं.

अमेरिकेतला असा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांवरच्या ज्या लोकांना न्यूमोनियासाठी दाखल व्हावं लागलं, त्यांच्यात पहिल्या ३० दिवसांत हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या आजारांचा धोका इतरांच्या सुमारे ४ पट होता. पुढे तो उतरत गेला, पण वर्षभरानंतरही पूर्ववत झाला नव्हता.

आता कुणी म्हणेल, शुगर आणि तंबाखूमुळे न्यूमोनियाही होतो आणि हार्ट अटॅकही येतो, मग दोष जंतूंचा कसा? शंका योग्य आहे. म्हणून अशा अभ्यासात वय, शुगर, बीपी, धूम्रपान यांचा परिणाम हिशेबातून वेगळा काढतात. डेन्मार्कमध्ये तर रक्तात जंतू सापडलेल्या रुग्णांची तुलना तातडीने दाखल झालेल्या इतर रुग्णांशी केली गेली. दोघंही आजारी, दोघंही रुग्णालयात. तरीही रक्तात जंतू असलेल्यांमध्ये पुढच्या महिनाभरात हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं.

शरीरात नेमकं काय घडतं?

तापात हृदयाचे ठोके वाढतात, म्हणजे हृदयाला जास्त प्राणवायू लागतो. नेमक्या त्याच वेळी फुप्फुसं आजारी असतील, तर रक्तात प्राणवायू कमी पडतो. जंतूंशी लढताना शरीरभर दाह होतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साठलेला चरबीचा थर या दाहाने कमकुवत होऊन फाटू शकतो. त्यातच रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. फाटलेल्या थरावर गुठळी बसली, की रक्तपुरवठा बंद. ताप उतरला तरी हा दाह लगेच शमत नाही. चूल विझली तरी राखेत निखारा असतो, तसं हे आहे.

रुग्णालयातले जंतू

काही रुग्ण जंतुसंसर्ग घेऊन येतात, काहींना तो रुग्णालयातच होतो. दाखल झाल्यावर साधारण ४८ तासांनंतर सुरू झालेल्या संसर्गाला रुग्णालयीन संसर्ग म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार श्रीमंत देशांत दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना असा संसर्ग होतो. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना. यातले बरेच जंतू नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत.

हे जंतू आत शिरतात ते बहुतेकदा आपणच केलेल्या वाटेने: सलाईनची नळी, लघवीची नळी, डायलिसिसची नळी, व्हेंटिलेटर, ऑपरेशनची जखम. नळीतून रक्तात गेलेले जंतू थेट हृदयाच्या झडपेवरही जाऊन बसू शकतात. लहानपणी सांधेतापाने झडप खराब झालेल्या किंवा कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांना याचा धोका सर्वांत जास्त. हा आजार जिवावर बेतू शकतो आणि त्यासाठी कित्येक आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतात.

म्हणूनच “अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा” असा आग्रह कुणी धरला, की मी समजावून सांगतो. तोंडाने खाता-पिता येत असेल, तर उगाच शिरेत नळी कशाला?

तुमच्या हातात काय आहे?

दाखल असताना:
• रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. डॉक्टर-नर्सनाही “हात धुतले का?” असं विचारायला संकोच करू नका. मला विचारलं तर मला राग येत नाही.
• जीप भरून भेटायला जाऊ नका. सर्दी-खोकला असेल तर फोनवरच चौकशी करा.
• “ही नळी अजून लागणार आहे का?” असं रोज विचारा. सुईची जागा लाल झाली, दुखली किंवा सुजली तर लगेच सांगा.
• झडपेचा आजार असेल तर प्रत्येक डॉक्टरला सांगा, दातांच्या डॉक्टरलाही.

घरी गेल्यावर:
• बीपी, शुगर आणि हृदयाच्या जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या सुरू ठेवायच्या, हे सुट्टी मिळतानाच कागदावर लिहून घ्या. स्वतःहून काही बंद करू नका.
• अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. काही वेदनाशामकांनी हृदयाचा धोका वाढतो.
• छातीत जड वाटणं, दम लागणं, घाम, धडधड किंवा पायावर सूज याला अशक्तपणा समजू नका. त्रास अचानक झाला तर १०८ ला फोन करा.
• पुन्हा थंडी वाजून ताप आला तर रक्ततपासणीआधी उरलेलं प्रतिजैविक घेऊ नका.
• वय ६५ च्या पुढे असेल, किंवा शुगर, हृदयाचा आजार असेल, तर फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला.

यातल्या बहुतेक गोष्टींना ना मशीन लागतं, ना मोठं शिक्षण. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं अशा कितीतरी खेड्यातल्या बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या. स्वच्छ बाळंतपण, शुद्ध पाणी, बाळाची निगा हे त्यांनी गावाला शिकवलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांना जमलं, ते रुग्णाच्या उशाशी बसलेल्या मुलाला किंवा सुनेलाही जमेल.

तुमच्या घरी नुकतंच कुणी मोठ्या जंतुसंसर्गातून उठलं असेल, तर आजच त्यांची गोळ्यांची पिशवी उघडून बघा. जुनी एखादी गोळी सुटली आहे का? सुटली असेल तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.