अर्ध्या ढालीवरचा कळंब

माझ्या माहेरचं देवक कळंब. लहानपणी याचा अर्थ मला एवढाच ठाऊक होता, की ओढ्याकाठच्या त्या झाडाची वाळकी काटकीसुद्धा चुलीत जाता कामा नये. बाभूळ जाळा, निंब जाळा, कळंब नाही. सरपणात एखादी फांदी चुकून आलीच, तर आजी ती बाजूला काढायची आणि झाडाखाली परत नेऊन ठेवायची. पावसाळ्यात झाडाला लोकरीच्या गुंड्यांसारखी केशरी फुलं लगडत, तेव्हा ती लांबूनच हात जोडायची.

देवक म्हणजे कुळाने पुजायचं चिन्ह. कुणाचं देवक उंबर, कुणाचं मोरपीस, कुणाचा शंख, कुणाचं पंचपल्लव, कुणाची तलवारीची धार. देवक एक असेल तर आपण भाऊबंद, सोयरीक जुळायची नाही. एन्थोव्हेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1920 ते 1922 या काळात मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांत देवकांच्या याद्या आहेत आणि कळंब तिथे कुठल्या एकाच जातीच्या नावावर नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माझ्या लग्नात काका-काकू पदर-उपरण्याची गाठ मारून, डोक्यावर धरलेल्या धोतराच्या सावलीत वाजतगाजत ओढ्यावर गेले. काकांच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. एरवी ज्याला दुखवायचं नाही, त्या झाडाची पूजा करून एकच डहाळी तोडली. ती मारुतीच्या देवळातून मांडवात आली आणि मेढीला बांधली गेली. देवक बसलं, की ते उठेपर्यंत घराला सुतक लागत नाही. त्याच रात्री भाऊकीतले एक आजोबा गेले. बायका आतल्या खोलीत पदर तोंडाशी धरून रडल्या आणि सकाळी हळद लागली. एवढं बळ मी त्या डहाळीत पाहिलं आहे.

सासरचं देवक मोरपीस. मांडव उतरला तेव्हा कळंब माझा राहिला नाही, रीतच तशी. पहिल्या पावसाळ्यात सासरच्या सरपणात कळंबाच्या ढलप्या दिसल्या. मी त्या उचलून परसात नेऊन ठेवल्या. सासूबाईंनी पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत. पुढे त्या घरात कळंब कधी जळला नाही.

गेल्या वर्षी मुलाने घर बांधलं. फाटकावर बसवायला त्याने एक तयार ढाल निवडली होती: दोन सिंह आणि वर मुकुट. मी त्याला विचारलं, आपल्या घराने सिंहाचं काय राखलं आहे?

त्यानंतर आम्ही दोघं मिळून युरोपातल्या कुलचिन्हांबद्दल वाचत बसलो. लंडनमध्ये ही चिन्हं देणारं कॉलेज ऑफ आर्म्स 1484 पासून आहे. चिन्ह आडनावाला मिळत नाही. एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. रंगांचा नियम मला आवडला: सोनेरी-रुपेरीवर गडद रंग यावा, गडदावर गडद नको, कारण ढाल रणात लांबून ओळखू यायला हवी. शेक्सपिअरच्या वडिलांना 1596 मध्ये चिन्ह मिळालं. सोनेरी ढाल, तिरपा काळा पट्टा आणि त्यावर भाला. आडनावातला भालाच तो. 1599 मध्ये त्या ढालीचे दोन भाग करून, दुसऱ्या अर्ध्यात आईच्या आर्डन घराण्याचं चिन्ह घालण्यासाठी अर्ज झाला. कच्चा मसुदाही तयार झाला होता. पण स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधल्या शेक्सपिअरच्या स्मारकावर नुसता भाला आहे. आई तिथे नाही. हे वाचून मी बराच वेळ गप्प होते.

दक्षिणेतल्या जुन्या कदंब राजांच्या चिन्हातूनही असंच मूळ गळालं. शिमोगा जिल्ह्यातल्या तालगुंद्याच्या शिलालेखात या कुळाच्या नावाचं मूळ सांगितलं आहे: त्यांच्या घराजवळ कदंबाचं झाड होतं, त्याची ते निगा राखत. कदंब म्हणजे आपला कळंबच. हेच कुळ राज्यावर आलं आणि त्यांच्या मुद्रेवर सिंह बसला. झाड उरलं फक्त नावात. गोव्यात त्यांच्याच नावाच्या कदंब बसमध्ये चढताना मला ते दरवेळी आठवतं. राजांनी सोडलेलं झाड शेतकऱ्यांच्या मांडवात मात्र टिकलं, कारण इथे ते मिरवण्यासाठी नव्हतं, पाळण्यासाठी होतं.

मुलाने सिंह काढून टाकले. डाव्या अर्ध्यात सोनेरीवर निळं मोरपीस, उजव्यात रुपेरीवर कळंबाची हिरवी डहाळी. कागद टेबलावर होता, तेव्हा सून चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आई, माझ्या माहेरचं उंबर आहे." प्रश्न तिने विचारला नाही, पण मला तो ऐकू आला. ढालीचे तीन भाग झाले. एका सुताराने ती ढाल सागात कोरून दिली. ऑगस्टमध्ये ती फाटकावर बसली. परसात उंबर आणि कळंब लावले आहेत.

तुमच्या घरी पुढच्या लग्नात देवक बसेल, तेव्हा आईला, आजीला, सुनेला एकदा विचारा: तुमच्या माहेरचं कुठलं? उत्तर त्यांना बहुधा ठाऊक असतं. ते लिहून ठेवा आणि त्याची एक डहाळी मेढीला बांधा.