दुसऱ्यावर धरलेली ढाल

तरवारीला आपल्याकडे नांव असतें, ढालीला नसतें. भवानी तरवार कोणाची हें शाळेंतलें पोरहि सांगेल. त्याच हातांतली ढाल मात्र निनांवीच राहिली. बसलेला वार दिसतो, अडविलेला दिसत नाहीं. म्हणून संरक्षणाचें श्रेय मोजतांना माणसें नेहमींच गोंधळतात. ब्रिटनच्या आरमारानें व विमानदलानें मित्रराष्ट्रांच्या क्षेपणास्त्र-संरक्षणांत उचललेल्या वांट्याविषयीं वाचतांना आम्हांस हा विचार पुन्हां पुन्हां सुचला.

संख्येनें पाहूं गेल्यास हा वांटा लहानच म्हटला पाहिजे. ता. २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं इराणच्या आखातांत 'ग्लॉस्टर' या विनाशिकेनें अमेरिकन युद्धनौका 'मिसौरी' हिच्या रोखानें येणारें इराकी क्षेपणास्त्र हवेंतच फोडलें. ब्रिटिश नौकेनें लढाईंत पुन्हां क्षेपणास्त्र पाडण्याचा प्रसंग यावयास ३३ वर्षें जावीं लागलीं. येमेनचे हूथी तांबड्या समुद्रांत व्यापारी जहाजांवर मारा करूं लागले, तेव्हां ब्रिटननें 'डायमंड' ही विनाशिका तेथें धाडली. तिनें ९ जानेवारी २०२४ च्या रात्रीं ७ ड्रोन पाडले व २४ एप्रिल रोजीं एक क्षेपणास्त्र पाडलें. त्याच एप्रिलच्या १३-१४ तारखांच्या रात्रीं इराणनें इस्रायलवर ३०० हून अधिक ड्रोन व क्षेपणास्त्रें सोडलीं. त्यांतील कांहीं ड्रोन ब्रिटिश 'टायफून' विमानांनीं वाटेंतच पाडले. मुख्य भार मात्र इस्रायल व अमेरिका यांनींच वाहिला. 'डायमंड'च्या जातीच्या विनाशिका ब्रिटननें बांधल्या त्या अवघ्या ६. आणि तिचें एक क्षेपणास्त्र ज्या ड्रोनला पाडतें, त्याहून कितीतरी पट महाग. एके काळीं साऱ्या समुद्रांवर हुकमत गाजविणाऱ्या राष्ट्रानें आतां एका जहाजाची पाळी द्यावी, हें पाहून कोणास हसूं येईल.

आम्हांस तें येत नाहीं. १९४४ च्या जूनपासून जर्मनीचे उडते बाँब लंडनवर येऊं लागले, तेव्हां ब्रिटिश तोफांची नेमबाजी सुधारली ती अमेरिकेंत तयार झालेल्या रडारमुळें आणि लक्ष्याजवळ येतांच आपोआप फुटणाऱ्या गोळ्यांमुळें. ऐन वैभवाच्या काळांतहि लंडनवरच्या ढालीची एक कड दुसऱ्यानें धरलेली होती. ज्यानें असें साह्य एकदां घेतलें, त्यानें पुढें दुसऱ्यासाठीं उभें राहणें ही देणगी नव्हे. ती ऋणफेड होय.

ही ढाल अपुरी असते, हेंहि खरें. ता. २६ जानेवारी २०२४ रोजीं एडनच्या आखातांत 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर हूथींचें क्षेपणास्त्र आदळलें. जहाजावर २२ भारतीय खलाशी होते. इतक्या राष्ट्रांच्या युद्धनौका त्या टापूंत असूनहि तें अडलें नाहीं. आग विझविण्यास इतरांबरोबर मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली आपली 'विशाखापट्टणम्' धांवून गेली, आणि सुदैवानें सारे वांचले. त्या खलाशांच्या घरच्या माणसांना पाडलेल्या ड्रोनांची मोजदाद सांगून काय उपयोग? त्यांना विचारावयाचें असेल तें एवढेंच, कीं त्या पाण्यांत हांकेला ओ देणारें कोणी होतें कीं नव्हतें. राष्ट्राराष्ट्रांच्या वांट्याचा हिशेबहि याच मापानें व्हावा, असें आम्हांस वाटतें.