खुब्याचा फोटो

माणसाला खुबा असतो, हे निम्मे आयुष्य त्याला ठाऊकच नसते. गुडघा कुरकुरतो, मान अवघडते. खुबा मात्र सरकारी कचेरीतल्या एखाद्या सज्जन कारकुनासारखा निमूट काम करत असतो. तो आहे हे कळते, ते त्याने संप पुकारल्यावर!

माझ्या उजव्या खुब्याने बाहेरच्या अंगाने संप पुकारला. त्या कुशीवर झोपवेना, जिना चढवेना. एमआरआय झाला. रिपोर्टात होते : ग्लुटियस मीडियसचा टेंडन अंशतः फाटलेला. पैकी ‘फाटलेला’ एवढाच शब्द घरात शिरला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही.

“अहो, मग ही जागा विकायची का?” सौ.ने हळूच विचारले. तीस वर्षांचा संसार त्या प्रश्नात होता.

फिल्म खिडकीच्या उजेडात धरून वाचणे हा आपला राष्ट्रीय छंद. शेजारचे निवृत्त स्टेशनमास्तर म्हणाले, “हे काळं दिसतंय ना, तिथंच गोम आहे.” मेहुण्यांनी पांढऱ्यावर बोट ठेवले. ऑपरेशनवर मात्र दोघांचे एकमत झाले.

शेवटी रेडिऑलॉजिस्ट बाईंनीच पडद्यावर शिकवणी घेतली.

“काका, टेंडन म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. ती काळीच दिसायला हवी. एका प्रकारच्या चित्रात चरबी उजळ दिसते. दुसऱ्यात चरबीचा उजेड आम्ही मुद्दाम मालवतो, मग पाणी तेवढं चमकतं. सूज म्हणजे पाणीच. काळ्या दोरीत ते शिरलं, काही धागे तुटले, की अंशतः फाटली. दोरी हाडापासून सुटून मागे सरकली, की पुरती गेली. तुमची हाडाला धरून आहे.”

१९७३ साली पॉल लॉटरबर यांनी या तऱ्हेचे पहिले चित्र छापले, तेही पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे. २००३ साली त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे हे तंत्र जन्मापासून पाण्याच्याच शोधात. आमच्या तिसऱ्या मजल्यासारखे!

“आणि दोरी चुंबकाच्या दिशेशी ५५ अंशांत आली, तर धडधाकट असूनही काही चित्रांत उजळ दिसते. त्याला मॅजिक अँगल म्हणतात. म्हणून एका चित्रावर आम्ही निकाल देत नाही.”

पंचावन्नाव्या वर्षी कलप लावून धडधाकट दिसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ५५ अंशांत धडधाकट असून आजारी दिसणारे प्रथमच ऐकले.

“दुखतो कुठला?”

“उजवा.”

“डाव्यातही थोडं तसंच दिसतंय बघा. न दुखणाऱ्या खुब्यातही वयानुसार असं सापडतं. फोटोत फाटलेलं दिसतं काका, दुखणं नाही दिसत.”

ते पाहायला हाडांच्या डॉक्टरांचे बोट लागले. त्यांनी मला एका पायावर उभे केले, मग मांडीच्या हाडाचे बाहेरून हाताला लागणारे टेंगूळ दाबले. मी जो ओरडलो, तो बाहेरच्या बाकावर सौ.ला ऐकू गेला.

“छान!” डॉक्टर म्हणाले. “फिल्म आणि बोट एकाच जागी आली. तूर्त ऑपरेशन नको. पायावर पाय टाकून बसायचं नाही, त्या कुशीवर निजायचं नाही आणि काही महिने नेमानं व्यायाम.”

“आणि जागा?” सौ.

“राहा की! जिना सध्या बेतानं चढा.”

कठडा धरून का होईना, मी चढतो आहे. डाव्या खुब्याला मात्र अजून कोणी काही सांगितलेले नाही. रिपोर्टाचा विषय निघाला, की आम्ही त्याच्या देखत आवाज जरा खालीच ठेवतो.