ऐझॉल येथील दहा दिवस

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त मिझोरमांत असल्यानें २०१७ सालच्या एप्रिलांत तिकडे जाण्याचा योग आला. आम्ही नुकतेच सेवानिवृत्त झालों होतों. काशी-रामेश्वर सोडून हें भलतेंच काय, असें घरांतील वडीलधारी मंडळी म्हणालीच. त्या प्रांतांत प्रवेशास इनर लाइनचा परवाना लागतो. तो काढून सिलचरहून सुमो मोटारींत बसलों आणि दिवसभर घाट चढत ऐझॉलास पोंचलों.

हें शहर सुमारें ११०० मीटर उंचीवर, डोंगराच्या धारेवर वसलें आहे. रस्त्यावरून पाहावें तों घर एक मजली. मागें डोकावावें तों तेंच घर तीन-चार मजले दरींत उतरलेलें! चिंचोळ्या रस्त्यांवर मोटारींची रांग लागते, परंतु भोंगा वाजवून कोणी कोणास पुढें ढकलीत नाहीं. हमरस्त्यावर सेलिंगच्या बाजूस दुकानदार नसलेलीं दुकानें आहेत. भाजी-फळें घ्यावींत, डब्यांत पैसे टाकावेत आणि चालूं लागावें. योगसूत्रांतील ‘अस्तेय’ आम्हीं उभ्या जन्मांत मुलांस शिकविलें. तें आचरणांत पाहावयास येथें यावें लागलें.

अशा मुलखांत सपाट जमीन दुर्मीळ. म्हणूनच कीं काय, खेळाच्या मैदानाचें येथें देवस्थानासारखें अप्रूप. आम्ही गेलों तेव्हां सारें गांव फुटबॉलच्या नादांत होतें. पुतण्यानें सांगितलेली हकीकत थोडक्यांत अशी. आय-लीग ही त्या वेळीं देशांतील वरच्या वर्गाची स्पर्धा. ऐझॉल एफ.सी. हा १९८४ सालीं स्थापन झालेला संघ २०१५-१६ सालीं तींत प्रथमच आला आणि त्याच हंगामाअखेर खालच्या वर्गांत उतरविला गेला. पुढें गोव्याच्या साळगांवकर व स्पोर्टिंग या नामांकित संघांनीं संघटनेच्या धोरणाच्या निषेधार्थ अंग काढून घेतलें. जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला पुनः घेण्यांत आलें. शिक्षक मिळाले खालिद जमील. त्यांस मुंबई एफ.सी.नें निरोप दिलेला. त्यांजबरोबर मुंबईचा जयेश राणे आला. गोलरक्षक आल्बिनो गोम्स गोव्याचा. मोठी रक्कम मोजून घेतलेले खेळाडू थोडे, स्थानिक पोरेंच पुष्कळ.

हें ऐकतांना आमच्या मनांत एक जुनी गोष्ट ढवळून निघाली. एका शाळेंत असतांना नापास झालेल्या मुलास पुनः वर्गांत घ्यावें म्हणून त्याचे वडील आले होते. मुख्याध्यापकांनीं आमचें मत विचारलें. “एवढ्यानें कांहीं व्हावयाचें नाहीं,” असें आम्हीं सांगितलें, आणि ती जागा दुसऱ्यास गेली. वडील नमस्कार करून निघून गेले. त्या मुलाचें पुढें काय झालें, याची चौकशी आम्हीं कधीं केली नाहीं.

२२ एप्रिल रोजीं राजीव गांधी मैदानावर मोहन बागानशीं सामना होता. १९११ सालीं गोऱ्या पलटणीच्या संघास हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकणारा तो कलकत्त्याचा पुरातन संघ! ८३ व्या मिनिटास झोमिंगलियाना राल्टे यानें डोक्यानें चेंडू जाळ्यांत धाडला, आणि शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यानें आम्हांस कवटाळलें. त्याची भाषा आम्हांस येईना, आमची त्यास. तरी संभाषण बरेंच झालें.

३० तारखेस शेवटचा सामना शिलाँग येथें होता. ऐझॉलास बरोबरीचा एक गुण पुरे होता. रविवार असल्यानें बाजार बंद. आम्ही पुतण्याच्या घरीं दूरदर्शनपुढें बसलों. ९ व्या मिनिटासच लाजाँग संघानें गोल केला. पुतण्याची धाकटी मुलगी रडूं लागली. “आजोबा, आतां हे पुनः नापास होणार का?” तिनें विचारलें. एरव्हीं आम्हीं तात्काळ निकाल सांगितला असता. त्या दिवशीं मात्र “थांब, वेळ संपलेली नाहीं” एवढेंच म्हणवलें. ६७ व्या मिनिटास विल्यम लालनुनफेला यानें बरोबरी साधली. अठरा सामन्यांत ऐझॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६. ईशान्येकडील संघानें देशाचें अजिंक्यपद मिळविण्याची ही पहिलीच वेळ. त्याच हंगामांत मुंबई एफ.सी. तळाशीं राहिला.

तो योग ऐझॉलास पुनः आला नाहीं. २०२२-२३ पासून आय-लीगही दुसऱ्या वर्गाची झाली. जमील मात्र २०२५ च्या ऑगस्टांत भारतीय संघाचे शिक्षक झाले. पण आम्हांस राहून राहून आठवतें तें निराळेंच. ऐझॉल पहिला आला तो गुणांनीं. परंतु परीक्षेस बसावयास मिळालें तें जागा रिकामी झाली म्हणून. आमच्या हातींही एक जागा होती.

ज्यांच्या घरीं यंदा एखादें लेंकरूं नापास झालें असेल, त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें, इतकीच विनंती.