घरामागचे डोंगर

मुंबईत किंवा आखातात राहणारे आमचे नातलग सुट्टीत गावी आले की दोन प्रश्न हमखास विचारतात. आज मासळी कुठली मिळाली, आणि इथे बघण्यासारखं काय आहे? पहिल्याचं उत्तर घरात तयार असतं. दुसऱ्याला जो तो मुरूडचं नाव सांगून मोकळा होतो. जंजिरा बघा, किनारा बघा आणि जा. पेण म्हणजे गणपतीच्या मूर्ती आणि पापड, रोहा म्हणजे दिव्याहून येणारी गाडी जिथे संपते आणि कोकण रेल्वे जिथे सुरू होते ते ठिकाण. मधल्या मुलखाकडे कुणी मान वळवूनही बघत नाही.

आम्ही म्हणजे पेण, नागोठणे आणि रोहा इथली चार-पाच घरं. शिक्षक आहेत, एक औषधाचं दुकान चालवतो, दोघे आखातातून परत आलेले. थंडी पडली की रविवारी मुलाबाळांसह बाहेर पडायचं असा आमचा शिरस्ता आहे. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि पाणी एवढं बरोबर असलं की झालं. बायकाही येतात, आणि चढणीला बहुतेक वेळा त्याच पुढे असतात.

नव्या पाहुण्याला आम्ही आधी नागोठण्याचा जुना पूल दाखवतो. अंबा नदीवरचा हा दगडी पूल सुमारे १५८० साली चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी बांधला. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये त्याची मापं दिली आहेत. लांबी ४८० फूट, कठड्यांमधली रुंदी जेमतेम दहा फूट आणि खर्च तीन लाख रुपये. त्या काळचे तीन लाख! चौल तेव्हा निजामशाहीचं मोठं बंदर होतं. घाटावरून माल उतरायचा, अरबस्तानाकडे जहाजं जायची. घाट आणि बंदर यांच्यामध्ये पावसाळ्यात पिसाळणारी नदी आडवी, म्हणून पूल हवा. बाकी कारणं पंडितांनी शोधावीत. आम्हांला एवढंच कळतं की या पुलावरून बैल गेले, मेणे गेले, पालख्या गेल्या, लग्नाच्या वराती गेल्या. १९८९ च्या जुलैत याच अंबेने वरच्या अंगाला जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं, २००५ चा पाऊसही येऊन गेला, पण पूल हलला नाही. कुणी कधी पुलाला त्याचा धर्म विचारला नाही, आणि त्याच्या कठड्यावर बसून गप्पा मारणाऱ्यांनाही नाही.

पेणहून खोपोलीच्या बाजूला निघालं की निधवलीजवळ सांकशीचा किल्ला लागतो. पायथ्याशी बद्रुद्दीन बाबांचा दर्गा आहे, त्यामुळे किल्ल्यालाही त्यांच्याच नावाने ओळखतात. उरुसाला येणारे बहुतेक लोक दर्ग्यावरूनच माघारी फिरतात. आम्ही फातेहा पढून वर चढतो. शेवटचा खडकाचा टप्पा अवघड आहे, लहान मुलांना तिथे नेऊ नये. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, एकामागून एक. १५४० च्या सुमारास हा किल्ला निजामशहाने गुजरातच्या सुलतानाकडून घेतला, सुलतानाच्या माणसांनी पोर्तुगिजांना मदतीला बोलावलं, पोर्तुगिजांनी तो जिंकला आणि शेवटी पैसे घेऊन निजामशहालाच देऊन टाकला. आमच्या एका मुलीने हे ऐकून विचारलं, "मग यातले आपले कोण?" आम्ही सगळेच हसलो. पण प्रश्न खोटा नव्हता. शाळेच्या पुस्तकातला इतिहास वाचताना आमच्या मुलांना प्रत्येक पानावर हाच प्रश्न पडतो, आणि वर्गात त्यांच्याकडे वळणाऱ्या नजराही तोच विचारतात.

पेण तालुक्यातलंच गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. १८९५ साली तिथे जन्मलेल्या या माणसाने मोठेपणी अरबी शिकून कुराण मुळातून वाचलं आणि १९६२ मध्ये त्यातल्या निवडक आयतींचं ‘कुराणसार’ तयार केलं. गागोद्याला डोंगर आहेत, शेतं आहेत, शांतता आहे. ‘पॉइंट’ म्हणावं असं काही नाही. तरी आम्ही तिथे दर वर्षी जातो.

सगळ्यांत जास्त आमचं मन लागलं ते सूरगडावर. मुंबई-गोवा रस्त्यावर नागोठणे आणि कोलाड यांच्यामध्ये खांब गाव आहे. तिथून आत घेरा सूरगडला जायचं आणि रानातून चढायचं. मुलं बरोबर असली तर दोन तास धरावेत. गडावर तोफ आहे, तटबंदी आहे, आणि एक शिलालेख आहे, अरबी आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत कोरलेला. किल्ला बांधणारे म्हणून सिद्दीसाहेबांचं नाव त्यात आहे, आणि बांधकामावर देखरेख ठेवणारा म्हणून सूर्याजीचं. जंजिऱ्याचे सिद्दी आणि मराठे यांचं वैर शे-दीडशे वर्षं चाललं, त्यात गावं जळली, माणसं मेली. ते झाकायचं कारण नाही. पण त्याच काळातल्या दगडावर ही दोन नावं एकाच कामाच्या हिशेबात आली आहेत, तेही खोडता येत नाही.

एका रविवारी वर पुण्याच्या मुलांचा गट भेटला. झाडोरा काढून टाक्याजवळची वाट साफ करत होते. कष्टाळू, नीटस पोरं. आमच्यातला नववीतला मुलगा त्यांच्यात मिसळला. "नाव काय तुझं?" असं विचारल्यावर त्याने नुसतं आडनाव सांगितलं. कोकणी मुसलमानांत देशमुख आहेत, पाटील आहेत, खोत आहेत. नुसत्या आडनावाने कुणाला काही कळत नाही. मुलाच्या वडिलांनी ते ऐकलं, आम्हीही ऐकलं. कुणी काही बोललं नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आमच्या मुलांना ही युक्ती सुचली नसती, आता सुचते. ती कुणी शिकवावी लागत नाही.

मग सगळे शिलालेखापाशी गेलो. देवनागरी ओळी पुण्याची मुलं बोट फिरवत लावू लागली. अरबी भागाशी येऊन थांबली. आमचा मुलगा मकतबमध्ये शिकलेला. तो पुढे सरकला आणि झिजलेल्या दगडातून एकेक हर्फ ओळखू लागला. हा सीन, हा दाल. पूर्ण ओळ त्याला लागली नाही, इतकी ती सोपीही नाही. पण अर्धा तास ती सगळी डोकी एका दगडावर वाकलेली होती. उतरताना त्यांच्यातल्या एकाने फोटो पाठवायला नंबर मागितला, आणि कुठल्या नावाने ठेवू म्हणून विचारलं. मुलाने पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

आमच्यातही एक खोड आहे, ती इथे सांगायला हवी. गडावर सिद्दीचं नाव दिसलं की आमचे काही लोक नवाबाचे चुलतभाऊ असल्यासारखे बोलू लागतात. सिद्दी हबशी, आमचे बहुतेकांचे पूर्वज अरब व्यापारी आणि इथलेच कोळी-कुणबी. नवाबाच्या दरबारात आमच्यापैकी किती जणांच्या आज्याला खुर्ची मिळाली असेल, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

बाकीची ठिकाणं पटकन सांगतो. रोह्याजवळ मेढ्याच्या वरचा अवचितगड दाट झाडीत आहे. वर बारा कोनांचा हौद आहे आणि शके १७१८ चा, म्हणजे १७९६ चा शिलालेख आहे. घोसाळगड छोटा, सकाळी जाऊन दुपारी परत येण्यासारखा. पुरंदरच्या तहात १६६५ साली शिवाजी महाराजांनी जे बारा किल्ले स्वतःकडे राखले, त्यांत तळे आणि घोसाळे होते, यावरून त्याची किंमत ओळखावी. कोलाडला कुंडलिकेवर रबरी होड्यांतून जायला मुंबईची गर्दी होते. उन्हाळ्यातही नदीला जोर असतो, कारण मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली सोडलं जातं. पाणी सोडण्याच्या वेळेवर होड्यांची वेळ. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो याच पाण्यापायी, हे होडीतल्या किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे. फणसाडचं जंगल एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची जागा, १९८६ पासून अभयारण्य. शेकरू बघायचा असेल तर पहाटे जा आणि तोंड बंद ठेवा. आमच्या गटाला हे दुसरं जमत नाही.

जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की फिरणं मागे पडतं आणि पोपटी सुरू होते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं करून भोवती आगटी पेटवायची. पेणजवळच्या एका शेतकऱ्याच्या शेतावर आम्हांला दर वर्षी बोलावणं असतं. तो आधीच निरोप देतो, "कोंबडी तुम्हीच कापून आणा." त्याच्या आईसाठी नुसत्या शेंगांचं वेगळं मडकं लागतं, तिला माळ आहे. मागच्या खेपेला दोन्ही मडकी आगीत शेजारी-शेजारी होती आणि कुठलं कुणाचं यावर पोरांनी बराच वाद घातला. शेवटी म्हातारीनेच काठीने खूण करून दाखवलं. मग शेंगा सोलत बसलो असताना पुढच्या रविवारचं ठरलं. तळ्याच्या पुढे कुड्याला खाडीकाठी बौद्ध लेणी आहेत, सव्वीस. म्हातारी म्हणाली, "मीपण येतंय. लेण्यांपर्यंत गाडी जाते का, तेवढं बघून ठेवा."