शिवलेला कट्टा आणि सगळ्यांचा रस्ता

वाशिम

ती. काकांस,


सार्वजनिक वायफाय म्हणजे इंटरनेटकडे जाणारा सगळ्यांचा रस्ता. त्यावरून दुकानाचा हिशेब नेता येतो. तो झाकून नेण्याची जबाबदारी मात्र नेणाऱ्याची. अडत्याचे दुकान कारंज्याच्या बाजार समितीच्या यार्डात, गोदाम दुसरीकडे आणि हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा संगणक घरी असला की तिन्ही ठिकाणे जोडावी लागतात. प्रत्येक ठिकाणी फायबर घेणे परवडत नाही किंवा लाइन वेळेवर मिळत नाही. अशा वेळी शेजारचे सार्वजनिक वायफाय कामी येते.

असे वायफाय मुख्यतः दोन प्रकारचे. रेल्वे स्थानकांवर रेलटेल या सरकारी कंपनीने जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलपासून सेवा सुरू केली. आता ती सहा हजारांहून अधिक स्थानकांवर आहे, पण ती प्रवाशासाठी. दुकानाला तिचा उपयोग नाही. दुसरा प्रकार पीएम-वाणी. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी त्याला मंजुरी दिली. यात किराणा दुकानदार किंवा चहावाला स्वतःची ब्रॉडबँड लाइन गिऱ्हाइकाला वापरायला देतो. त्याला ‘पब्लिक डेटा ऑफिस’ म्हणतात. त्याला परवाना, शुल्क किंवा नोंदणी लागत नाही. नोंदणी अशी ऑफिसे एकत्र सांभाळणाऱ्या अ‍ॅग्रिगेटरला करावी लागते. एकेकाळच्या एसटीडी-पीसीओचाच हा नवा अवतार.

सार्वजनिक वायफायच्या तीन सवयी आधी कळाव्या लागतात. पहिली, बऱ्याच ठिकाणी हवेतला दुवा उघडा असतो, म्हणजे पासवर्डवर चालणारे कूटलेखन नसते. बँकेचे अ‍ॅप स्वतःची माहिती कुलूपबंद करूनच पाठवते, त्यामुळे ते बऱ्यापैकी सुरक्षित राहते. संगणकांमधली फाइलींची देवाणघेवाण, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि जुनी सॉफ्टवेअर यांना ती शिस्त नसते. दुसरी सवय, ओटीपी टाकून पान उघडल्याशिवाय नेट सुरू होत नाही; प्रिंटरला ओटीपी टाकता येत नाही. तिसरी, नीट बसवलेल्या सार्वजनिक वायफायमध्ये एका उपकरणाला दुसरे दिसू देत नाहीत. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते योग्यच, पण त्यामुळे दुकानातला लॅपटॉप दुकानातल्याच प्रिंटरला ओळखत नाही.

म्हणून पहिली भिंत स्वतःच्या राउटरची. ‘विस्प’ किंवा ‘क्लायंट’ मोड असलेला छोटा राउटर एका बाजूने सार्वजनिक वायफाय पकडतो आणि दुसऱ्या बाजूने दुकानाचे स्वतंत्र वायफाय तयार करतो. ओटीपीचे पान राउटरमागच्या फोनवर एकदा उघडले की बहुतेक ठिकाणी सगळी उपकरणे चालू लागतात, कारण बाहेरच्या जाळ्याला फक्त राउटर दिसतो. एका जोडणीवर अनेक उपकरणे चालवायला वायफाय देणाऱ्याची हरकत नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. आतल्या वायफायला डब्ल्यूपीए-३, जुनी उपकरणे असतील तर डब्ल्यूपीए-२, आणि लांब पासवर्ड ठेवावा. राउटरच्या अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आतल्या पत्त्यांसाठी १९२.१६८.१ ही सर्रास दिसणारी मालिका टाळून १९२.१६८.४७सारखी वेगळी घ्यावी. बाहेरची आणि आतली मालिका एकच असली की राउटर गोंधळतो. यूएसबीवर चालणारा राउटर पॉवर बँकेवरही टिकतो, त्यामुळे लाइट गेली तरी काम अडत नाही.

दुकान बंदिस्त झाले, पण घरच्या टॅलीपर्यंतचा रस्ता अजून उघडाच. तिथे व्हीपीएन लागते. सोयाबीनचा कट्टा तोंड शिवून गाडीत टाकला की कुठून कुठे चालला ते रस्त्यावरच्याला दिसते, आत काय आहे ते दिसत नाही. व्हीपीएनचा बोगदा तसाच. वायरगार्ड हा त्याचा सुटसुटीत प्रकार मार्च २०२०मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झाला. त्यात प्रत्येक उपकरणाला किल्ल्यांची जोडी असते: एक गुप्त, एक जाहीर. ज्याची जाहीर किल्ली नोंदवलेली नाही त्याला उत्तरच मिळत नाही. नोकराचा फोन हरवला तर तेवढीच किल्ली नोंदीतून काढायची.

अडचण येते ती घरच्या टोकाला. अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे बाहेरून हाक मारली तरी ती घरापर्यंत पोचत नाही. यावर दोन उपाय आहेत. कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा. किंवा भाड्याचा छोटा सर्व्हर अथवा टेलस्केलसारखी सेवा मध्ये ठेवावी, म्हणजे दोन्ही टोके आपणहून बाहेर पडून तिथे भेटतात. असा दुवा मध्येच झोपू नये म्हणून साधारण दर २५ सेकंदांनी एक रिकामा निरोप पाठवण्याची सोय वायरगार्डमध्ये आहे.

बोगदा झाला तरी टॅलीचे फोल्डर त्यातून थेट उघडू नये. काम रेंगाळते आणि दुवा मध्येच तुटला तर डेटा बिघडू शकतो. घरच्या संगणकाचा पडदा दुकानात पाहून काम करावे. पडद्याचे चित्र आणि कळफलक-माउसच्या खुणा तेवढ्या ये-जा करतात, हिशेब जागेवर राहतो. बोगदा बंद असेल तर नेटही बंद, असा नियम राउटरवर लावावा. फक्त ओटीपी टाकताना तो थोडा वेळ सैल करावा लागतो.

दुकानदार स्वतःच पब्लिक डेटा ऑफिस झाला तर प्रश्न उलटा होतो. गिऱ्हाइकांचे वायफाय आणि गल्ल्याचे वायफाय एकाच लाइनवर असले तरी राउटरमध्ये ती दोन वेगळी जाळी हवीत, आणि पहिल्यातून दुसऱ्यात जायला वाट नको. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२५च्या आदेशानुसार कंपन्यांना अशा दुकानदाराला २०० एमबीपीएसपर्यंतची फायबर जोडणी घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येत नाही, म्हणून हा मार्गही विचारात घेण्याजोगा झाला आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. सायबर सुरक्षेची केंद्रीय संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लोकांना व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवावी लागते. व्यवसायाने स्वतःच्या माणसांसाठी उभारलेल्या व्हीपीएनला हा नियम लागू नाही, असा खुलासा नंतर झाला. फुकट व्हीपीएन अ‍ॅप मात्र वापरू नये; ते म्हणजे अनोळखी माणसाच्या गोदामात माल टाकणे. हिशेबपट्टीवर शेतकऱ्याचे नाव, मोबाइल आणि खाते क्रमांक असतात, आणि संगणकात साठवलेली अशी माहिती जपण्याची जबाबदारी २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती ठेवणाऱ्यावर टाकली आहे.

ऐन हंगामात हर्रास म्हणजे लिलाव संपताच सगळे यार्ड एकदम मोबाइल बाहेर काढते आणि सार्वजनिक वायफाय मंदावते. त्या तासांसाठी सिमवर चालणारी दुसरी जोडणी राउटरला लावून ठेवावी. बोगदा तोच राहतो, रस्ता तेवढा बदलतो. मांडणी पुरी झाल्यावर एकच चाचणी पुरते. सार्वजनिक वायफायवर बोगदा बंद ठेवून घरचा संगणक उघडून पाहावा. तो दिसता कामा नये. बोगदा चालू करावा. तो दिसला पाहिजे. दोन्ही जमले की कट्टा नीट शिवला गेला.

 

आपला पुतण्या