वाइनच्या डोंगरातली सायकल आणि माझी बीपीची गोळी

"डॉक्टर, रोज एक ग्लास रेड वाइन घेतली तर हृदयाला चांगली असते ना?"

हा प्रश्न दवाखान्यात मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुधा पन्नाशीचे, बीपीची नाहीतर शुगरची गोळी चालू असलेले गृहस्थ असतात. शेजारी वहिनी बसलेल्या असतात आणि माझं उत्तर काय येतं याकडे त्यांचे कान असतात. इतकी वर्षं मी हसून "प्रमाणात असू द्या" एवढं म्हणून वेळ मारून नेत होतो. गेल्या सप्टेंबरपासून मी तसं म्हणत नाही. का, ते आज सांगतो.

सप्टेंबरच्या शेवटी मी आणि पत्नी इटलीतल्या तोस्कानामध्ये, कियांतीच्या डोंगराळ भागात चार दिवस सायकल चालवायला गेलो होतो. मी पंचावन्न वर्षांचा आहे आणि गेली काही वर्षं बीपीची गोळी घेतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची गोष्ट त्या गोळीचीच आहे.

कियांतीमध्ये द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागा यांमधून कच्चे पांढरे रस्ते जातात. त्यांना तिकडे 'स्त्रादे बियांके' म्हणजे पांढरे रस्तेच म्हणतात. आपल्याकडे मुरूम टाकून दाबलेला रस्ता असतो तसेच, फक्त चुनखडीमुळे पांढरे. हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून जानकार्लो ब्रोच्ची या गृहस्थांनी १९९७ साली गायोले या छोट्या गावातून जुन्या सायकलींची एक फेरी सुरू केली. तिचं नाव 'लेरोइका'. आज तिथे २०० किलोमीटरहून लांब असा कायमचा, पाट्या लावलेला सायकलमार्ग आहे. आम्ही त्यातला एक तुकडाच रोज थोडा थोडा केला.

या रस्त्यांवर तासन्‌तास गाडी दिसत नाही. एखादा ट्रॅक्टर येतो, धूळ उडवून जातो, की पुन्हा शांतता. आपल्या शहरात सायकल चालवताना अर्धं लक्ष मागून येणाऱ्या हॉर्नकडे असतं. तिथे पहिल्याच चढावर मला माझा स्वतःचा श्वास ऐकू आला. पेशंटना मी नेहमी सांगतो, व्यायाम करताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, म्हणजे तो मध्यम तीव्रतेचा व्यायाम झाला. ही साधी कसोटी इतक्या नीट मी स्वतःवर कधी लावली नव्हती. ब्रोलियोच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या सुरूच्या झाडांच्या चढावर मला बोलताही येईना. मग गियर अगदी हलका केला, सीटवर बसूनच हळूहळू पेडल मारत राहिलो. खडीवर उभं राहून जोर लावला तर मागचं चाक जागीच फिरतं, हेही तिथे कळलं. उतारावर हँडल घट्ट धरून ठेवल्यामुळे करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. तळहाताच्या कडेने जाणारी अल्नार नस दाबली गेली की असं होतं. पकड सैल केली, टायरमधली हवा थोडी कमी केली, तसा त्रास थांबला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका शेतघराच्या अंगणात जेवायला थांबलो. सकाळपासून चांगलेच चढ चढलो होतो. हवा कोरडी, त्यामुळे घाम येतो आणि लगेच वाळतो. अंग कोरडं दिसतं आणि आपल्याला वाटतं, घाम आलाच नाही. पाण्याची एक बाटली मी जेमतेम संपवली होती. जेवणासोबत वाइन आली. समोर द्राक्षांची तोडणी चालू होती, मळ्यातल्याच द्राक्षांची वाइन, नको कसं म्हणणार? एकाचे दोन ग्लास झाले.

बिल द्यायला उठलो आणि डोळ्यांपुढे अंधार आला. कानांत घूं असा आवाज, कपाळावर गार घाम. पत्नी म्हणते, "तुमचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता." तिने मला तिथेच झाडाखाली आडवं केलं आणि पाय बॅगेवर उचलून ठेवले. दोन-तीन मिनिटांत मी भानावर आलो. वर बघतो तर एकाच बुंध्यापासून ऑलिव्हची तीन-चार खोडं फुटलेली. घरमालक पाणी घेऊन आले होते. त्यांनी सांगितलं, १९८५ च्या जानेवारीत इतका कडाका पडला की झाडं गोठून मेली. जमिनीपर्यंत कापली, मग मुळापासून पुन्हा फुटली.

तेव्हा काय झालं असावं, ते आता डॉक्टर म्हणून सांगतो. व्यायाम करताना पायांच्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पाय चालू असतात तोवर पोटऱ्या पंपासारखं रक्त वर ढकलतात. थांबलं की तो पंप बंद होतो, पण रक्तवाहिन्या काही तास सैलच राहतात. म्हणून व्यायामानंतर बीपी थोडा उतरतो. एरवी हा फायदाच. पण माझ्या गोळीत रक्तवाहिन्या सैल करणारं एक औषध आहे आणि लघवीवाटे पाणी व मीठ बाहेर टाकणारं दुसरं. वाइनही हीच दोन्ही कामं करते. शरीरात आधीच पाणी कमी. अशात पटकन उभं राहिलं की मेंदूपर्यंत रक्त पुरेसं पोचत नाही आणि चक्कर येते. यातली प्रत्येक गोष्ट मी पेशंटना सांगत आलोय, आणि त्या दुपारी मला एकही आठवली नाही. तसाच सायकलवर बसलो असतो तर पुढे लांब उतार होता. तो विचार आजही नकोसा वाटतो. उरलेला रस्ता आम्ही सायकली हातात धरून चाललो.

आता वाइनच्या प्रश्नाकडे येतो. याच कियांतीमध्ये १९९८ पासून एक मोठा अभ्यास चालला. म्हातारपणी चालण्याची ताकद का जाते, हे शोधणं हा त्याचा मुख्य हेतू. ग्रेव्हे आणि बान्यो आ रिपोली या दोन ठिकाणचे लोक त्यात होते. द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल हृदयाला वाचवतं असं फार बोललं जायचं, म्हणून संशोधकांनी ६५ वर्षांवरच्या ७८३ जणांच्या लघवीत त्याचं प्रमाण मोजलं आणि सुमारे नऊ वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. २०१४ साली निष्कर्ष छापून आला: ज्यांच्यात हे द्रव्य जास्त होतं त्यांच्यात मृत्यू, हृदयविकार किंवा कॅन्सर कमी आढळले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट केलं की मद्याचं सुरक्षित म्हणावं असं कोणतंही प्रमाण नाही. ऑलिव्ह तेलाची बाजू त्या मानाने बळकट आहे, पण तेही इतर तेला-तुपाच्या जागी आणि भाज्या, डाळी, फळं असलेल्या जेवणात. वरून जास्तीचं ओतून नव्हे.

म्हणून आता कोणी विचारलं तर मी सरळ सांगतो: हृदयासाठी म्हणून वाइन सुरू करू नका. त्या डोंगरातली हृदयाला चांगली गोष्ट ग्लासात नव्हती, चढावर होती.

बीपी किंवा शुगरची गोळी चालू असेल आणि तुम्ही सायकल, ट्रेक किंवा लांब चालायला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा:

• तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं पाणी प्या. पाण्यावर बंधन असलेल्या हृदयाच्या वा किडनीच्या पेशंटनी आधी डॉक्टरांना विचारावं.
• थांबताना एकदम थांबू नका. पाच-दहा मिनिटं हळू चालवा, मग उतरा. बसल्यावर सावकाश उठा.
• चक्कर आली तर लाज न बाळगता तिथेच आडवे व्हा, पाय वर करा.
• इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी व्यायाम आणि मद्य कधीही एकत्र आणू नये. शुगर धोकादायक उतरू शकते, आणि ती लक्षणं बघणाऱ्याला 'चढली आहे' अशीच वाटतात. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.
• मनाने गोळी बंद करू नका. प्रवासाआधी डोस तपासून घ्या.

एक फरक मात्र नक्की ओळखा. थांबल्यावर, उभं राहताना चक्कर येणं बहुधा माझ्यासारखं असतं. पण चढ चढत असतानाच शुद्ध हरपली, छातीत दाब आला किंवा दम नेहमीपेक्षा वेगळा लागला, तर ते हृदयाचं असू शकतं. तेव्हा पुढचा चढ चढायचा नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि छातीतला दाब थांबत नसेल तर सरळ इमर्जन्सीत जायचं.

परत आल्यावर मी पहिल्यांदा माझ्याच फिजिशियन मित्राकडे पेशंट म्हणून गेलो. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट झाली, ठीक निघाली. गोळीचा डोस त्याने थोडा कमी केला आणि वर ऐकवलं, "दुसऱ्यांना शिकवतोस ना रे?" आता रविवारी पहाटे साडेपाचला, रस्त्यावर गाड्या यायच्या आत, मी गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्याने सायकल काढतो. चढ लहानसाच आहे. तिथे पोचलो की स्वतःशी मोठ्याने एक वाक्य बोलून बघतो. बोलता आलं की पुढे जातो.